भरतापुरती वांगी

मुलुंड (पूर्व)
१४ सप्टेंबर २०२५

शर्मिष्ठा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. दादाचा गुडघा दुखतो, पण तो तुझ्या लग्नापासून दुखतोय. श्रेयसचं काम अंधेरीला, रुचिराचं ठाण्याला, त्यामुळे मुलगा आणि सून मला रविवारीच दिसतात. बाकी घर जागच्या जागी आहे.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मध्ये बोलतेस. घरचा व्हॉट्सॲप ग्रुप तू सोडलास. त्यानंतर मी तुला ब्लॉक केलं की तू मला, ते आता आठवतही नाही. शिवाय जन्मभर पोस्टात नोकरी केलेल्या बाईने पत्र लिहायचं नाही तर कुणी? हैदराबादला चार दिवसांत पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर मला कळव, मी बघते त्यांच्याकडे.

यंदा चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला आहे. कुळाचार तुला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण दोन वर्षांत माणूस काय काय विसरतं. तळीचं ताट पाच जणांनी उचलायचं. बाबांनी मुलगे-मुली असा भेद न करता आपल्या तिघा भावंडांचे हात त्या ताटाला लावले. आता दादा, मी, श्रेयस आणि रुचिरा, असे चौघेच उरतो. गेल्या वर्षी पाचवे म्हणून तळमजल्यावरच्या अंबादासरावांना बोलावलं. त्यांनी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ एवढ्या जोरात आणि एवढं आधी म्हटलं की दादाच्या हातून खोबरं सांडलं. शिवाय जाताना त्यांनी भरताचा डबाही नेला.

तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. व्याख्यानमालेच्या त्या परिसंवादात तू शास्त्रज्ञ म्हणून व्यासपीठावर होतीस, मी दुसऱ्या रांगेत. मी जनुकं बदललेल्या बियाण्यांबद्दल साधा प्रश्न विचारला. (लांब होता, साधाच होता.) त्यावर तू माइकवरून म्हणालीस, “ताई, आधी तुझ्या गच्चीत फवारणीशिवाय भरतापुरती वांगी पिकवून दाखव, मग मी तुझ्या हातचं भरीत जेवायला येईन.” सगळं सभागृह हसलं. माझ्या शेजारची सेंद्रिय भाजीवाल्या गटाची बाईसुद्धा हसली. मीही म्हणाले, “नाहीतर येऊच नकोस!” तू शब्दाची पक्की. आली नाहीस.

असो. आता एक किरकोळ चौकशी. आमच्या मजल्यावर प्रेमा राहते ना, तिने हौसेने गच्चीत वांगी लावली आहेत. शेंडे अचानक माना टाकतात. चिरून पाहिलं तर आत बारीक गुलाबीसर अळी. निंबोळी अर्क मारून झाला, लसूण-मिरचीचं पाणी मारून झालं, आंबट ताकही. बिचारी अगदी रडकुंडीला आली आहे. तुझी सगळी नोकरी वांग्यात गेली, म्हणून म्हटलं विचारावं. प्रेमासाठी.

कळावे,
उत्तरा


२ ऑक्टोबर २०२५

शर्मिष्ठा,

दसऱ्याच्या शुभेच्छा. तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, वर तारीख, खाली सही, मध्ये मुद्दे. सख्ख्या बहिणीला लिहिलंय की खात्याला, तेवढं कळलं नाही.

वांगी प्रेमाची नाहीत, हे तू कसं ओळखलंस? तू लिहितेस, ‘मासे खाणारी कोकणातली बाई वांग्यासाठी रडकुंडीला येणार नाही.’ मी ते प्रेमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरोबर बोलता तुझी भैन. अगो, तुझी वांगी म्हणजे किड्यांची खानावळ. आमचो बांगडो बरो, तेका कीड लागना नाय.” तेव्हा बरं, माझीच आहेत. बारा कुंड्या आहेत. बी साताऱ्याकडचं, काटेरी देठाचं, आई ज्या वांग्यांचं भरीत करायची तेच. जुलैत रोपं लावली. त्या दिवसापासून मी रोज सकाळी चहाआधी गच्चीवर असते.

अळी अंड्यातून निघाली की लगेच शेंड्यात किंवा फळात घुसते आणि भोक मागून बुजतं, म्हणून वरून मारलेलं काहीच तिला पोचत नाही, हे तू फार छान समजावलंस. माझं निंबोळीचं सगळं पाणी वाया गेलं म्हणायचं. मग पुढे तू लिहितेस, ‘म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो आणि ते सगळं तू बाजारातून आणून भाजून खातेस. आमच्या वांग्यात ती अळी मारणारं प्रथिन झाडातच होतं.’ हा टोमणा मुद्द्यांत बसवायची काय गरज होती?

आता माझं ऐक. तुझं जनुक बदललेलं वांगं सरकारने थांबवलं त्याला पंधरा वर्षं झाली. तुला ते लागलं, मला कळतं. बांगलादेशात लोक खातात, हेही तू लिहिलंस. पण माझा प्रश्न पोटाचा नव्हताच. तू तो त्या दिवशी पूर्ण ऐकलाच नाहीस. आपल्याकडे दर शंभर मैलांवर वेगळं वांगं. कुठे हिरवं, कुठे पांढऱ्या रेघांचं, कुठे डोक्याएवढं. एकच बी सगळीकडे गेलं, तर ही कुणी सांभाळायची? आणि बी कुणाच्या हातात राहणार? कापसाचं काय झालं? आधी बोंडअळी गेली, सगळे नाचले, मग गुलाबी अळी त्याच कापसावर पोसायला लागली. ह्याचं उत्तर मुद्द्यांत पाठव.

तू सांगितल्याप्रमाणे माना टाकलेले सगळे शेंडे कापले. नर पतंगांना मादीच्या वासाने भुलवणारे कामगंध सापळेही मागवले. कुरिअरवाल्याने पावतीवरचं नाव मोठ्याने वाचलं आणि अंबादासराव जिन्यात उभे होते. ते हल्ली माझ्याकडे वेगळ्याच आदराने बघतात.

उत्तरा


१९ ऑक्टोबर २०२५

शर्मी,

परवा लक्ष्मीपूजन, घरात चकलीचा वास, आणि मी मच्छरदाणीत अडकले आहे. तू लिहिलंस की जाळीचा मांडव घातला तर मादी पतंग आत येऊ शकत नाही. बाहेरची जाळी मागवण्यापेक्षा माळ्यावरची बाबांची मच्छरदाणी काढली. तिला भोकं पडली होती, ती रफू केली. आता गच्चीवर बारा वांगी मच्छरदाणीत झोपतात आणि आम्ही खाली डास मारतो.

पण जाळीत मधमाशी येत नाही, म्हणून फुलं हलवावी लागतात. तू टिचकी मारायला सांगितलीस. बारा झाडांना टिचक्या मारून माझं बोट दुखायला लागलं. मग मला श्रेयसचा विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश दिसला. फुलाच्या देठाला लावला की असा छान थरथरतो आणि पराग धुळीसारखा पडतो! तीन दिवस बिनबोभाट चाललं. चौथ्या दिवशी श्रेयस दात घासताना म्हणाला, “आई, ब्रशला पिवळं काय लागलंय?” मी म्हटलं, हळद. आता त्याने नवा घेतलाय आणि जुना माझा.

कापसावरचं तुझं उत्तर दोनदा वाचलं. तू म्हणतेस, शेजारी साध्या कापसाच्या ओळी लावायला सांगितल्या होत्या, म्हणजे अळी सगळी एकदम सरावत नाही. त्या कुणी लावल्या नाहीत, आणि दोष बियाण्याला. बरं. पण शर्मी, चार एकरवाल्याने अळीसाठी जागा सोडावी असं तुम्ही कागदावर लिहिलंत, तेव्हा तो सोडेल का, हे त्याच्या बांधावर बसून कुणी विचारलं? तुझं झाड हुशार असेल. ते लावणारा माणूसही तुमच्या हिशेबात धरायला हवा होता. ह्यावर तू काय लिहिणार ते मला माहीत आहे, तरी लिही. मला तुझी पत्रं यायला हवी आहेत.

आता खरं सांगते. शेंडे कापले, सापळे लावले, मांडव घातला, तरी अळी आहेच. फळं धरली होती, त्यातली निम्मी पोखरली. जाळीच्या आत पतंग उडताना मी स्वतः पाहिला. आला कुठून? मांडवाला माशी जाईल एवढंही भोक नाही. गच्चीवर भाज्या लावणाऱ्या आमच्या बायकांच्या गटात मी सगळ्यांसमोर सांगून बसले आहे की यंदा खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत ह्याच वांग्यांचं. दादाला सांगितलंय. बाजारातून आणली तर कुणाला कळणार नाही, पण मला कळेल, आणि त्या वांग्यांवर तू काही येणार नाहीस. चातुर्मासभर घरात वांगं नाही. चंपाषष्ठीला ते व्रत आपल्या भांडणासकट सोडावं, एवढंच मनात आहे.

ताई


४ नोव्हेंबर २०२५

शर्मी,

तुझ्या पत्रात ह्या वेळी मुद्दे नाहीत, एकच प्रश्न आहे. ‘ताई, कापलेले शेंडे तू टाकतेस कुठे?’

मी पत्र दोनदा वाचलं. मग एवढी हसले की रुचिरा आतून धावत आली.

तुला आमचा खतखड्डा माहीत नाही. खड्डा म्हणजे निळं पिंप. सोसायटीत ओला कचरा मी बाहेर जाऊ देत नाही. देठ, सालं, निर्माल्य, सगळं त्यात. कुणी केळ्याचं साल सुक्या कचऱ्यात टाकलं तर मी दार वाजवून परत देते. माझ्यामागे मला लोक काय म्हणतात तेही मला माहीत आहे. तर ते सगळे किडके शेंडे आणि पोखरलेली वांगी मी नियमाने, पुण्य म्हणून, त्या पिंपात टाकत होते. आणि पिंप कुठे? खत कुंड्यांना हाताशी असावं म्हणून मच्छरदाणीच्या आत! अळ्या आरामात खाली उतरल्या, कोष केले, पतंग होऊन बाहेर आल्या आणि समोरच जेवायला बसल्या. बाहेरचा चोर येऊ नये म्हणून मी दाराला कुलूप लावलं आणि चोराला घरातच खाटेवर झोपवलं.

दादाला सांगितलं तर म्हणाला, “तू पोस्टातही कुठला कागद टाकून द्यायची नाहीस.”

पिंप खाली नेलं. शेंडे आता साबणाच्या पाण्यात बुडवून मारते. सालंसुद्धा उलगडून, नीट बघून मगच पिंपात. पाच दिवसांत एकाही शेंड्याने मान टाकलेली नाही.

तुझ्या खात्यात एक गोष्ट जमा करते, कारण ती कबूल न करण्याएवढी मी कोती नाही. ही बारा झाडं सांभाळायला एका निवृत्त बाईची रोजची सकाळ लागली, आणि पंधरवड्याला एक पत्र लिहिणारी शास्त्रज्ञ बहीण. ज्याची दोन एकर वांगी आहेत, तो ब्रश घेऊन किती फुलांपाशी जाणार? तो फवारणारच. त्याच्यासाठी तू जे केलंस त्याला मी त्या दिवशी ‘प्रयोगशाळेतला खेळ’ म्हणाले. तो शब्द मी परत घेते. बाकीचे मुद्दे परत घेत नाही, ते तसेच उभे आहेत.

ताई

ता. क. तू पत्राच्या शेवटी विचारलंस, ‘बी आईच्याच वांग्याचं हे नक्की का?’ कुठल्याही वैज्ञानिक कारणासाठी विचारलंस असं वाटलं नाही.


१७ नोव्हेंबर २०२५

शर्मे,

झाडावर पाच वांगी आहेत. जांभळी, तुकतुकीत, देठाला काटे. सकाळी ऊन पडलं की मी उगाच एक चक्कर मारून येते. प्रेमासुद्धा काल मान वाकडी करून बघून गेली आणि म्हणाली, “बरी दिसतत गो. बांगड्याइतकी नाय, पण बरी.”

आता अडचण. ‘भरतापुरती’ म्हणजे किती, हे तू माइकवर सांगितलं नव्हतंस. खंडोबाच्या नैवेद्याची वाटी धरली तर पाच भरपूर आहेत. आपल्या घरापुरतं धरलं तर कांदा जास्त घालून निभेल. अंबादासराव धरले तर काहीच खरं नाही. मी तुला खोटं सांगून बोलावणार नाही. पाचच आहेत, आणि वरून तरी एकावरही भोक दिसत नाही.

दादाने काल अचानक विचारलं, “ताटाला ह्या वर्षी पाचवं कोण?” मी म्हटलं, बघू. मग तो भंडाऱ्याची डबी काढून पुसत बसला. शहात्तर वर्षांचा माणूस आहे. ताट उचलताना आता त्याचा हात कापतो. मला सगळ्यांत जास्त ते लागतं.

तर शर्मे, आडून आडून लिहायचा मला कंटाळा आला. मला तू हवी आहेस. वांगी पुरली असं ठरव किंवा नाही पुरली असं ठरव, तुझं मत तुझ्यापाशी ठेव आणि ये. ‘नाहीतर येऊच नकोस’ हे मी म्हटलं होतं, तेव्हा ‘ये’ हेही मलाच म्हणायला हवं. बुधवारी सकाळी अकरापर्यंत पोच. नाहूरला उतरू नकोस, तिथून आता रिक्षावाले मीटर टाकायला कुरकुर करतात. थेट मुलुंडला ये.

ताई


२९ नोव्हेंबर २०२५

शर्मे,

तू घरी पोचलीस हे तुझ्या मेसेजवरून कळलं. (अनब्लॉक तूच केलंस ना? म्हणजे ब्लॉकही तूच केलं होतंस.) तरी पत्रच लिहिते, कारण हे मला तू मध्ये न बोलता सांगायचं आहे.

तू दारात उभी राहिलीस तेव्हा दादाने पाट सरकवून दिला. मग ताट उचललं. तुझा हात त्याच्या हाताखाली होता, मी पाहिलं. ह्या वर्षी ताट हललं नाही. अंबादासरावांना मी मुद्दाम उशिराची वेळ दिली होती, तरी ते आलेच आणि दारातून ओरडले. ओरडू देत.

नंतर स्वयंपाकघरात तू म्हणालीस, “तू तळी आवर, वांगी मी भाजते. मला जमतं, आयुष्यभर तेच केलंय.” गॅसवर वांगी तडतडत होती आणि आपण दोघी ओट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत भांडत होतो. बियाणं कुणाचं, चाचणी कुणी करायची, लेबल लावायचं की नाही. रुचिरा श्रेयसला म्हणाली, “यार, ह्यांचं परत फाटलं वाटतं.” आणि तो म्हणाला, “नाही गं, जुळलं.” मग तू पाचही वांगी सोललीस, परात घेऊन बाहेर आलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, “पाचच्या पाच स्वच्छ. एकही अळी नाही. ताई जिंकली.” दादाने टाळी वाजवली. प्रेमा मासे सोडून वांगं जेवली. मी तर अशी फुगले की मला मीठ कमी पडल्याचंही कळलं नाही. तू दोनदा भरीत मागून घेतलंस.

तू एअरपोर्टला निघालीस. मग मी सालं पिंपात टाकायला घेतली. आता मी सालं उलगडून बघते, तूच लावलेली सवय. पाचव्या वांग्याचं साल विड्यासारखं नीट दुमडलेलं होतं. आत तुझ्या बोटांनी खुडलेला काळा गर होता आणि त्यात दोन भाजलेल्या अळ्या.

शर्मे, वरिष्ठांनी दडपण आणलं तेव्हा तू अहवालातला एकही आकडा बदलला नाहीस, बढती गेली तरी. हे दादा अजून लोकांना सांगतो. ज्या वांग्यावर तुझा माझा वाद, त्याच्यात तुझा पुरावा तुझ्या हातात आला होता, भाजून तयार. परात फिरवून दाखवायची होती, बस. त्या सभागृहात मला हसले त्यांच्यातल्या दोघी त्या दिवशी जेवायला होत्या. तू साल दुमडलंस आणि खोटं बोललीस. मी तुझ्या जागी असते तर त्या अळ्यांची वाटी पहिल्यांदा तुलाच वाढली असती आणि वर त्या दोघींना साक्षीला बसवलं असतं. तुलाही ते माहीत आहे.

मी रडले. मग रागावले, कारण खोटं तुला शोभत नाही. मग पुन्हा रडले. रुचिराला कांदा सांगितला.

काल गच्चीच्या गटाची बैठक होती. सगळ्या अभिनंदन करायला जमल्या होत्या, मुलुंडची ती भाजीवाल्या गटाची बाईसुद्धा. मी उभी राहिले आणि सांगितलं, “वांगी पाच, स्वच्छ चार, किडकं एक. आधी जाहीर झालेला निकाल चुकीचा होता. तो माझ्या बहिणीने दिला होता, आणि तिने आयुष्यात दिलेला तो एकच चुकीचा निकाल आहे.” कुणीतरी विचारलं, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाई, चूक कशी झाली?

मी म्हटलं, धाकटी आहे ना.

तुझी,
ताई